सासुरवाडीचं उलटं तापमान

इंजिन जितकं तापेल तितकं ते थंड असल्याचं सांगणारा डिस्प्ले मी माझ्या सासऱ्यांच्या हार्वेस्टरवर बसवला. बसवला, चालू करून पाहिला, पोटभर जेवलो, कौतुक करून घेतलं आणि सोलापूरला परत आलो.

मीटर बसवणं हा माझा धंदाच आहे, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बिचारा नवखा असेल. अक्कलकोट रस्त्याला माझं छोटंसं वर्कशॉप आहे. टिपर, क्रेन, जनरेटर, बोअरच्या गाड्या, यांचे काट्यांचे जुने मीटर बिघडले की मी ते काढतो आणि त्या जागी तळहातापेक्षा थोडा मोठा एक डिस्प्ले बसवतो. डिझेल किती, पाणी किती तापलंय, ऑइलचा दाब किती, सगळं एका स्क्रीनवर. दुकानाच्या पाटीवर 'तज्ज्ञ' असा शब्द आहे. तो मीच लिहून घेतलाय.

सासरे करकंबचे. ऊसतोडीच्या टोळ्या वेळेवर मिळेनात, तेव्हा त्यांनी उतारवयात ऊस तोडायचं मोठं यंत्र, म्हणजे हार्वेस्टर घेतला. घरात कुणालाच ते पसंत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "या वयात लोक नातवंडं खेळवत्यात, ह्यांना हे खेळणं सुचलं." पण मामा ऐकणाऱ्यातले नव्हेत. मी सासऱ्यांना मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. हार्वेस्टर आला आणि शेजारपाजारच्या शिवारातल्या लोकांनी आपला ऊस मामांच्या शब्दावर उभा ठेवला. टोळ्यांना नाही म्हणून सांगून टाकलं. म्हणजे आता ते मशीन चाललं तर मामांचा शब्द राहणार, आणि बंद पडलं तर सगळ्यांचा ऊस रानात वाळणार.

आणि ऐन हंगामात उंदरांनी त्याच्या केबिनमधल्या वायरी खाल्ल्या. मूळचा मीटर मेला. कंपनीचा माणूस म्हणायचा, पार्ट मागवलाय. तो रोज तेच म्हणायचा आणि अत्यंत नम्रपणे म्हणायचा.

बिनमीटरचा ट्रॅक्टर एक वेळ चालवता येईल. हार्वेस्टर नाही. ऊस तोडताना वाळल्या पानांचं पाचट उडतं, उडालेलं पाचट रेडिएटरच्या जाळीवर जाऊन बसतं, जाळी बुजली की हवा लागत नाही आणि इंजिन तापत जातं. ड्रायव्हरनं आकड्यावर डोळा ठेवायचा, आकडा चढला की थांबायचं, जाळी साफ करायची आणि पुढं जायचं. आकडाच नसेल तर इंजिन कधी जळालं ते जळाल्यावरच कळणार.

हे सगळं माझ्या बायकोनं फोनवर आईकडून ऐकलं आणि ऐकता ऐकता माझ्याकडे पाहिलं. ती तसं पाहते तेव्हा मी आधी 'हो' म्हणतो आणि कशाला म्हटलं ते मागाहून समजून घेतो.

तर मी सामान घेऊन करकंबला गेलो. काम तसं सरळ होतं. सेन्सर इंजिनवर आधीपासूनच होते; त्यांच्या वायरी आणून नव्या डिस्प्लेला जोडायच्या आणि मग लॅपटॉप लावून त्या डिस्प्लेला समजावून सांगायचं, की बाबा रे, ह्या पिनवर पाण्याचं तापमान येतंय, त्या पिनवर डिझेल येतंय, आणि ही जी आहे ती सीटखालच्या स्विचची. स्विच आणि सेन्सर यांत फरक असतो. स्विच म्हणजे विचारलं तर हो किंवा नाही एवढंच सांगणारा माणूस. सेन्सर म्हणजे 'तसं पाहायला गेलं तर' अशी सुरुवात करणारा. त्याचं म्हणणं ऐकून त्यातून आकडा काढावा लागतो.

लॅपटॉपवर याचा एक तक्ता उघडतो. एकेका ओळीत एकेक इनपुट. ओळीच्या शेवटी एक छोटा चौकोन, त्यावर लिहिलेलं असतं 'इन्व्हर्ट'. त्यात टिक केली की त्या इनपुटचं सगळं उलटं होतं. हो चं नाही आणि नाही चं हो. हा चौकोन चावटपणासाठी दिलेला नाही. काही स्विच दाबल्यावर जोडले जातात, काही दाबल्यावर सुटतात, म्हणून त्याची गरज असते.

दुपारपर्यंत मी सगळं जोडलं आणि ड्रायव्हरला वर बसायला सांगितलं. ड्रायव्हर अक्कलकोटकडचा, आईशी फोनवर कन्नडमध्ये आणि मशीनशी मराठीत बोलणारा. तो सीटवर बसला आणि स्क्रीनवर ठळक अक्षरांत उमटलं, 'चालक जागेवर नाही'. मराठीतली ती ओळ मीच हौसेनं टाइप केली होती.

"दाजी," तो म्हणाला, "मी हितं बसलोय की."

"उतर बरं जरा."

तो उतरला. स्क्रीन शांत झाली.

"परत बस."

'चालक जागेवर नाही.'

"ह्याला मी दिसतच न्हाय व्हय?" ड्रायव्हर जरा दुखावला होता.

मी तज्ज्ञाचं हसू हसलो. म्हटलं, सीटचा स्विच उलट्या जातीचा आहे, एका टिकेचं काम. आणि तेवढ्यात मामा स्वतः बोलवायला आले, ताट वाढलंय म्हणून.

आता जावई सासुरवाडीला जेवायला बसतो म्हणजे काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मामी पुरणपोळ्या करून बसल्या होत्या. पहिली पोळी संपायच्या आत दुसरी पडते. हात आडवा धरला तर हातावर तूप पडतं. आणि ताटावरून अर्धवट उठायचं नाही, हा नियम. उठलं तर मामी दोन दिवस स्वतःच्या हाताच्या चवीला दोष देत बसतात. मला तर ती टिक कधी एकदा करतो असं झालं होतं. म्हणून मी लॅपटॉप ताटाशेजारी पाटावर ठेवला. वायर लांब होती, मशीन अंगणाच्या कडेलाच उभं होतं. उजवा हात तुपात आणि पुरणात. मी डाव्या हातानं काम सुरू केलं.

डाव्या हातानं मी आयुष्यात दुसरं काहीच करत नाही. बाण एका ओळीवर न्यायचा, तर तो वरच्या ओळीवर जाऊन बसला. टिक केली. ड्रायव्हर केबिनमधून ओरडला, "अजून न्हाईच म्हणतंय." मी खालच्या ओळीवर टिक केली. "झालं, झालं," तो ओरडला, "आता दिसतोय मी." मी सेव्ह केलं. मामी म्हणाल्या, "एक अर्धी घ्या." मी अर्धी घेतली.

वरच्या ओळीतली टिक तशीच राहिली. ती ओळ पाण्याच्या तापमानाची होती.

म्हणजे काय झालं ते सांगतो. ते तापमान तीसपासून एकशेदहापर्यंत दाखवायचं होतं. उलटं केल्यावर तीसचं एकशेदहा झालं आणि एकशेदहाचं तीस. गार इंजिन रसरसलेलं दिसणार आणि रसरसलेलं इंजिन गार. आणि मधोमध जे सत्तर, तिथे सरळ काय नि उलटं काय, आकडा तोच.

जेवण होईपर्यंत इंजिन अर्धवट निवून नेमकं त्या सत्तरापाशी येऊन थांबलं होतं. मी केबिनमध्ये चढलो, चालू केलं. सत्तर. पाण्याच्या नळीला हात लावला, बऱ्यापैकी गरम. बरोबर. थोडा वेळ बघत उभा राहिलो. एकोणसत्तर झाले, अडुसष्ट झाले. चालू इंजिनचं तापमान उतरतंय हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि खाली उभ्या मामांना म्हणालो, "पंखा मस्त ओढतोय मामा."

मामांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरनं पंख्याकडे पाहिलं. मामा म्हणाले, "झकास काम केलंत बापू."

मग बरेच दिवस मी समाधानात काढले. गिऱ्हाइकांना सांगायचो, आता हार्वेस्टरवरसुद्धा बसवून आलोय. त्यातलंच एक गिऱ्हाईक बार्शीचं. त्याच्या टिपरला डिस्प्ले पाहिजे होता. नव्यानं तक्ता कशाला भरा, म्हणून मी करकंबचीच फाईल उचलून त्याच्या डिस्प्लेत भरली आणि टेबलावर तपासायला घेतली. आमची तपासायची पद्धत साधी आहे. सेन्सरला वायर लावायची आणि तो चहाच्या किटलीतल्या उकळत्या पाण्यात सोडायचा.

सोडला. आकडा उतरायला लागला.

सेन्सर खराब, मी म्हणालो. दुसरा घेतला. तोही खराब. तिसरा नवा कोरा, खोक्यातून काढलेला. त्यालाही उकळत्या पाण्यात थंडी वाजायला लागली. कंपन्यांनी दर्जा कसा सोडलाय यावर मी स्वतःशीच एक छोटं भाषण केलं आणि ते करता करता नजर तक्त्यावर गेली. तापमानाच्या ओळीत, शेवटच्या चौकोनात, टिक.

मला आधी हसू आलं. मग आठवलं की ही फाईल आली कुठून.

इतके दिवस ते मशीन दिवसभर ऊस तोडतंय. ड्रायव्हर स्क्रीनकडे बघून म्हणतोय, पन्नासच आहे, चालू द्या. आत इंजिन भाजून निघतंय. मी मामांना फोन लावला.

"मशीन कसं आहे मामा?"

"लई ब्येस."

"तापत वगैरे नाही ना?"

"न्हाय न्हाय. पन्नासच्या आसपास असतंय की. तुमचं यंतर लई गुणाचं."

पन्नास म्हणजे खरे नव्वद. तेवढं चालतं, पण जाळी जरा बुजली की शंभरावर जाणार आणि स्क्रीनवर दिसणार चाळीस. आणि हा भला माणूस माझी तारीफ करत होता. खरं बोलायची ती वेळ होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की मामा, मशीन थांबवा, माझी चूक झालीय. मी म्हणालो, "एक अपडेट आलंय मामा. येऊन टाकून जातो."

"आत्ता?"

"अपडेटचं असंच असतं."

बायकोलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "अपडेट होय?" आणि नको तितका वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सावकाश जा."

मोहोळ गेलं, पंढरपूर गेलं, मला काही दिसलं नाही. सगळ्या वाटेत मी एकच हिशेब करत होतो, आत काय काय जळू शकतं याचा. आणि दुसरं म्हणजे, न सांगता हे कसं उरकता येईल. तोंड तर मला लपवायचं होतंच. वीस वर्षांचा जुना जावई असलो तरी त्या घरात मला अजून पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेता येत नाही, इतका मान आहे. एका टिकेपायी तो घालवायचा म्हणजे जिवावर येतं.

पोचलो तेव्हा मशीन वस्तीसमोरच्याच रानात उभं होतं. ड्रायव्हर चहाला झाडाखाली बसला होता. इंजिन शाबूत आहे हे बघून मला त्या मशीनच्या पाया पडावंसं वाटलं. "बस तू, निवांत चहा घे," असं ड्रायव्हरला म्हणून मी लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये चढलो, तक्ता उघडला आणि या वेळी उजव्या हातानं ती टिक काढून टाकली. सेव्ह केलं. स्क्रीनवर खरा आकडा आला. एखादा दुखरा दात पडावा तसं वाटलं. कुणी काही पाहिलं नव्हतं, कुणी काही विचारणार नव्हतं.

"झालं अपडेट?" ड्रायव्हरनं विचारलं.

"झालं."

"काय केलं त्यात?"

"आता जास्त अचूक दाखवेल," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

तो मशीनवर चढला आणि मी वस्तीवर ओसरीत जाऊन बसलो. मामा शेजारच्या मळ्यात गेले होते. मामींनी पोह्यांची बशी पुढं केली. मी पोहे खात होतो, समोर मशीन ऊस पाडत चाललं होतं, पाचट उडत होतं आणि मी जगातल्या सगळ्यात हलक्या माणसासारखा पाय हलवत बसलो होतो.

थोड्या वेळानं मशीनचा भोंगा वाजायला लागला. तापमान एकशेपाचच्या वर गेलं की वाजावा म्हणून मी डिस्प्लेला एक भोंगा जोडला होता. तोच.

मामींनी मान वर केली. "आगं बया. आत्ता कशाला वाजला ह्यो? ह्यो तर सकाळचा वाजतोय."

"सकाळचा?"

"व्हय की. सकाळी मशीन चालू केलं की वाजतोय. वाजला की मी ड्रायव्हरचा चहा ठेवती. चहा हुईस्तोवर गप बसतोय."

सकाळी गार इंजिन चालू केलं की माझा उलटा डिस्प्ले त्याला एकशेदहा म्हणणार, भोंगा वाजणार, आणि इंजिन गरम व्हायला लागलं की तो गप होणार. बरोबर होतं. पण मग रोज सकाळी हे ऐकून कुणालाच प्रश्न कसा पडला नाही?

"मामी, गार असताना का वाजतो, असं कुणी विचारलं नाही?"

मामींनी पदर सारखा केला. जरा अवघडल्या. "आता तुमी इचारलंच म्हणून सांगती. उलटं हाय ते. ड्रायव्हरला पहिल्याच दिशी कळालं. आकडा उतरला म्हंजे तापलं, आन् चढला म्हंजे गार. चाळीसच्या खाली आला की त्यो थांबतोय, पाचट काढतोय. बसलं त्याच्या डोस्क्यात. आख्ख्या वस्तीला ठावं हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"ह्यांनी बजावलं हुतं. जावईबापू येवढं लांबनं आले, उपाशी-तापाशी काम केलं—"

"मामी, मी पाच पोळ्या खाल्ल्या होत्या."

"—तर त्यांना बोलायचं न्हाय म्हणाले. पोरीलाबी सांगून ठेवलंय, तूबी बोलू नगंस."

बायकोचं ते लांबलचक पाहणं मला तेव्हा समजलं. पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता, कारण भोंगा अजून वाजत होता आणि माझ्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडत होता. ड्रायव्हर आकडा उलटा वाचत होता. इतके दिवस उलटा वाचून त्यानं इंजिन सांभाळलं होतं. आणि मी, कुणालाही न सांगता, तो आकडा नुकताच सरळ करून आलो होतो.

मी बशी ठेवली की टाकली ते आठवत नाही. पळत सुटलो. तोडलेल्या उसाच्या रानातून पळणं म्हणजे खुंटांवरून पळणं. पहिल्याच सरीत एक चप्पल राहिली. मी दोन्ही हात वर करून ओरडत होतो, थांब, थांब. मशीनच्या आवाजात माझा आवाज मलाच येत नव्हता. ड्रायव्हरनं मला पाहिलं. हसला. हात वर करून त्यानंही मला हात दाखवला आणि मशीन आणखी जोरात दामटलं.

शेवटी मी वळसा घालून मशीनच्या पुढं उसाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. तेव्हा कुठं ते थांबलं. मी शिडीवरून वर चढलो. स्क्रीनवर एकशेसात होते.

"ऊस पाडायचं थांबव. इंजिन बंद करू नकोस, नुसतं हळू चालू ठेव, पंखा फिरत राहू दे."

"का? ब्येस चाललंय की दाजी." तो खरोखर खूश होता. "तुमचं अपडेट लई भारी. कदी न्हाय ते मशीन गार चाललंय. शंभराच्या वर गेलाय आकडा. येवढं गार तर नुसतं पहाटेच असतंय."

"आणि भोंगा?"

"लई गार झालंय म्हणून वाजतोय. म्हणून म्हटलं, जरा जोरात दामटावं, म्हंजे गरम हुईल."

मी डोळे मिटले. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवशी डाव्या हातानं चुकीची टिक केली, आज येऊन चोरून काढली, अपडेट वगैरे काही नव्हतं, आता आकडा सरळ आहे, एकशेसात म्हणजे एकशेसातच.

ड्रायव्हर स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडून कन्नडमधलं काहीतरी निघालं. मी त्याचा अर्थ विचारला नाही. तो धाडकन खाली उतरला आणि मागं गेला.

जाळी दिसतच नव्हती. पाचटाची गादी बसली होती तिच्यावर. तो हातानं ओरबाडायला लागला, मीही लागलो. हात भाजत होते, पाचटानं कापत होते. मोठी गादी निघाली, तशी हवा ओढल्याचा आवाज बदलला. मी परत वर चढलो. एकशेसहा. तसाच उभा. एकशेसहा. माझ्या डोळ्यांसमोर सगळ्या शिवारातला उभा ऊस आला आणि त्या उसाकडे बघत उभे असलेले मामा आले. मग एकशेपाच झाले. एकशेचार. भोंगा गप झाला आणि इतकी शांतता झाली की लांब कुठंतरी मोटारीचं पाणी हौदात पडत होतं ते ऐकू यायला लागलं. शंभर. शहाण्णव. आकडा उतरताना बघून मला आयुष्यात दुसऱ्यांदा आनंद झाला. या वेळचा आनंद रास्त होता.

पुरतं निवल्यावर आम्ही इंजिन बंद करून सगळं तपासलं. पाणी जागेवर होतं. ऑइल स्वच्छ, त्यात पाण्याचा थेंब नाही. पट्टे ठीक. परत चालू केलं तर आवाजात कुठंही खोट नाही. ड्रायव्हरनं इंजिनवर कान लावल्यासारखं करून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "वाचलं." मी तिथेच सरीत बसलो. पायातून रक्त येत होतं ते तेव्हा दिसलं, आणि त्याचंसुद्धा मला बरं वाटलं. इतक्या स्वस्तात सुटेन असं मला वाटलं नव्हतं.

तोवर मामा मळ्यातून आले होते. मामींनी त्यांना वाटेतच गाठून सांगितलं असावं, कारण त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. माझी राहिलेली चप्पल त्यांच्या हातात होती. ती त्यांनी माझ्यापुढं ठेवली. सासऱ्यानं जावयाची चप्पल आणावी याची मला इतकी लाज वाटली की मी उभा राहिलो.

"आता आकडा चढला म्हंजे तापलं?" त्यांनी विचारलं.

"हो मामा."

"आन् उतरला म्हंजे गार?"

"हो."

"समद्या जगात असंच असतंय नव्हं?"

"असंच असतं."

ते मशीनच्या भोवतीनं एक फेरी मारून आले. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, मला आता पुन्यांदा शिकाय लागंल. उलटं पक्कं बसलंय डोस्क्यात."

"शीक," मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. वीस वर्षांत ते मला कधी एक शब्द लागेलसं बोलले नव्हते. पोरीच्या नवऱ्याला बोलायचं नाही, हे त्या घरात इतकं मुरलेलं, की त्यापायी त्यांनी उलट्या मीटरवर अर्धा हंगाम काढला होता. मी म्हणालो, "मामा, चुकलं माझं. मला सांगायचं तरी. मी तेव्हाच येऊन नीट करून दिलं असतं."

मामांनी टोपी काढून झटकली, परत डोक्यावर ठेवली.

"तुमची चूक आमाला झेपत हुती, बापू," ते म्हणाले. "दुरुस्ती झेपत न्हाय."